झाडीतल्या वाटेसाठी क्वाड घेताना सीसी नको, इंच मोजा

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत क्वाड बाइकवर, म्हणजे हँडलने वळवायच्या चारचाकी रानगाडीवर, आलेला लेख वाचला. विषय घेतलात हे बरे झाले. पण कोणती क्वाड घ्यावी याचा निकाल लेखाने एका वाक्यात लावून टाकला आहे: बजेट पुरेल तेवढे मोठे इंजिन घ्या. मोकळ्या माळावर किंवा मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर हे खपून जाईल. ज्याला जावळी, पाटण किंवा शिराळ्याकडच्या स्वतःच्या रानात, सागाच्या लागवडीतून नाहीतर कारवीच्या जाळीतून गाडी काढायची आहे, त्याचे लाखो रुपये मात्र या सल्ल्याने अडकून पडतील. स्पोर्ट क्वाडची दुरुस्ती आणि सेटिंग हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी कायद्याचे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथे, सागरेश्वरला किंवा कुठल्याही राखीव जंगलात क्वाड घालायची नाही. स्पोर्ट क्वाडला रस्त्यावर चालवण्यासाठी पासिंगही मिळत नाही. ती पिकअपमध्ये चढवून रानापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची. ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी, फोर व्हील ड्राइव्हची मोठी एटीव्ही ही वेगळी जात आहे. ती तीनशे किलोंच्या पुढे जाते, शेतीकामाला उत्तम, पण दाट झाडीत तिला वळवता वळवता माणूस रडकुंडीला येतो. पाचगणी-महाबळेश्वरकडे पर्यटकांना फेरी मारायला देतात त्या ११० सीसीच्या छोट्या क्वाडही बाजूला ठेवू. प्रश्न स्पोर्ट क्वाडचा आहे: एकट्याने चालवायची, मागच्या दोन चाकांवर ओढणारी, पायाने गिअर बदलायची.

आता रुंदी. साग लावताना २ बाय २ मीटर अंतर सर्रास धरतात. २ मीटर म्हणजे जवळजवळ ७९ इंच. आठ-नऊ इंचांचे बुंधे वजा केले तर मधे ७० इंच मोकळे राहतात. यामाहाची वायएफझेड ४५० आर टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत साधारण ४९ इंच भरते. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेदहा-साडेदहा इंच. सरळ जायचे तर हे भरपूर झाले. पण वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही, ते आतून कापते. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १२७० मिलिमीटर आहे. ३ मीटर त्रिज्येच्या वळणात तिचे मागचे आतले चाक पुढच्यापेक्षा सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच आत येते. हातात होती ती सगळी जागा इथेच संपली. पुढचे चाक सुटले म्हणून चालवणारा थ्रॉटल देतो आणि मागचे टायर बुंध्याला आदळते. गाडी तिथेच गर्रकन फिरते, हँडलला झटका बसतो आणि मनगट मुरगळते. तीच गाडी ४६ इंचांची असती तर दर बाजूला दीड इंच जास्त मिळाला असता. ऐकायला किरकोळ वाटतो, पण झाडीत याच दीड इंचावर सगळे अवलंबून असते.

खुद्द यामाहाने २०१० साली याच गाडीची वायएफझेड ४५० एक्स ही आवृत्ती काढली होती, जंगलातल्या क्रॉस-कंट्रीसाठी. रुंदी ४६ इंच. मोटोक्रॉसची क्वाड झाडीला चालत नाही हे बनवणाऱ्यालाच मान्य होते, आणखी काय पुरावा हवा?

अरुंद म्हणजे चांगली, असेही सरसकट नाही. ४४ इंचांच्या खाली गेलात की आडव्या उतारावर गाडी कलंडू लागते, आणि आपल्याकडे आडवे उतार सोडून दुसरे असते काय. आमच्या मते ४५ ते ४७ इंच हे या कामाचे माप. रुंद गाडी आधीच घेऊन बसला असाल तर पुढे ३:२ ऑफसेटच्या (रिमचे तीन इंच आत, दोन बाहेर) जागी ४:१ ऑफसेटच्या रिम लावता येतात. त्याने एका बाजूला एक, असे एकूण दोन इंच कमी होतात. रिम बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती टाय रॉडच्या (हँडलचे वळण चाकाला पोचवणाऱ्या दांडीच्या) टोकाला किंवा ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून पाहायचे. मागे कमी-जास्त करता येणारा अॅक्सल असेल तर हब आत घ्या. मागची रुंदी पुढच्यापेक्षा अर्धा-एक इंच कमीच ठेवा, म्हणजे पुढचे चाक निघाले की सरळ वाटेत तरी मागचे अडणार नाही. हँडल मात्र उगीच कापत बसू नका. ते तिशीच्या आसपास इंचांचे असते, टायरपेक्षा बरेच आत. अडचण फांद्यांची असते, तिला हँडगार्ड पुरतात.

वळण अवघड होण्याचे दुसरे कारण मागच्या अॅक्सलमध्ये आहे. स्पोर्ट क्वाडला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतो. एकच सलग अॅक्सल, त्यावर दोन्ही चाके घट्ट, मधे चेनचे स्प्रॉकेट. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. त्यामुळे गाडीचा ओढा सतत सरळ जाण्याकडे असतो आणि नवखा म्हणतो, ‘हँडल वळवले तरी गाडी वळत नाही.’ वळणाआधी ब्रेक लावून वजन पुढच्या चाकांवर आणायचे, अंग आतल्या बाजूला झुकवायचे आणि थ्रॉटलच्या छोट्याशा झटक्याने मागची चाके थोडी घसरवायची, ही त्यातली युक्ती. फक्त घसरवण्याचा अतिरेक झाला की आता बाहेरचे मागचे चाक बाहेरच्या झाडाला लागते.

याच अॅक्सलमुळे मागच्या दोन टायरांचा घेर सारखा हवा. हवा भरून, टेप गुंडाळून दोन्हींचा घेर मोजा. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी गाडी एका बाजूला खेचते, आणि लोक तोवर अलाइनमेंटच्या नावाने खडे फोडत राहतात.

इंजिनाचे गणित सीसीवर सुटत नाही. झाडीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कधी चालत्या माणसाच्या वेगाने जाते. तिथे हवा तो खालच्या आरपीएमचा दम. वायएफझेड ४५० आरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६३.४ मिलिमीटर, हे वर फिरायला आवडणारे इंजिन आहे, खाली ते अडखळते आणि बंद पडते. होंडाच्या ४०० ईएक्सचा बोअर ८५, स्ट्रोक ७०. ताकद कागदावर कितीतरी कमी, पण मुळांच्या पायऱ्यांवरून ती फटफट करत चढून जाते. चढावर गाडी बंद पडली की पहिली धाव ब्रेककडे घ्यावी लागते, नाहीतर गाडी उलटी घरंगळते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून ‘बंद न पडणे’ हा आमच्या लेखी झाडीतल्या इंजिनाचा पहिला गुण आहे. वायएफझेडसारख्या गाडीला फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) जादा वजन बसवून बराच फरक पडतो. आपोआप सुटणारा सेंट्रिफ्युगल क्लच बसवला तर आणखी, पण तो महाग प्रकार आहे.

स्वस्तातला उपाय गिअरिंगचा. वायएफझेडला पुढे १४ आणि मागे ३८ दातांचे स्प्रॉकेट येते. पुढचे १३ दातांचे केले की गिअरिंग साधारण पावणेआठ टक्के ‘खाली’ येते, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. मागे तीन दात वाढवले, ३८ चे ४१, तरी जवळपास तेच होते. पुढचे बदलणे स्वस्त, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त तीव्र वळते आणि स्विंगआर्मवरचे (मागचा अॅक्सल धरणाऱ्या हातावरचे) प्लास्टिकचे स्लायडर लवकर झिजते. ते झिजून चेन अॅल्युमिनियमला घासू लागली तर स्विंगआर्मच बाद. मागे मोठे लावले तर ते दगडावर आपटायची शक्यता वाढते. आम्ही पुढे एक दात कमी करून दर काही फेऱ्यांनी स्लायडर तपासायला सांगतो. चेन ५२० ची, म्हणजे केटीएम ३९० ला येते त्याच पिचची, तेव्हा ती मिळायला अडचण नाही. कड्या मात्र मोजून घ्या.

क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यात कारचे ऑइल घालू नका, जॅसो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलेच घाला. झाडीत अर्धा क्लच सतत दाबला जातो. चुकीच्या ऑइलने प्लेटा घसरतात, जळका वास येतो आणि चढावर इंजिन नुसते ओरडते.

मॉडेलचे स्पष्ट बोलायचे तर आमची पहिली पसंती ४०० सीसीच्या वर्गाला. होंडा ४०० ईएक्स १९९९ साली आली, हवेवर थंड होते, व्हॉल्व्हचे टॅपेट स्क्रूने लागतात. फीलर गेज असलेला कोणताही चांगला मेकॅनिक ते लावू शकतो. २००५ पासून तिला रिव्हर्स आला आणि २००९ पासून ती ४०० एक्स झाली. सुझुकीची झेड ४०० सुझुकीने २०१३ च्या सुमारास भारतात अधिकृतपणे विकायला आणली होती, त्यामुळे ती सेकंडहँडमध्ये अधूनमधून दिसते. तिलाही रिव्हर्स आहे. ४५० च घ्यायची असेल तर कावासाकी केएफएक्स ४५० आर पाहा, कारण साडेसेहेचाळीस इंच रुंदी आणि रिव्हर्स या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. होंडा टीआरएक्स ४५० आर रुंदीला ठीक, पण रिव्हर्स नाही. सुझुकी एलटी-आर ४५० आणि वायएफझेड ४५० आर या दोन्ही ४९ इंचांच्या आसपास आणि बिनरिव्हर्सच्या. यामाहा रॅप्टर ७०० ला खालचा दम भरपूर, रिव्हर्सही आहे, रुंदीही ४६ च्या आसपास. पण वजन १९० किलोंच्या घरात, दुपारपर्यंत खांदे भरून येतात. यामाहाची जुनी टू स्ट्रोक बॅन्शी झाडीसाठी विसरा. अगदी नवख्याला होंडा टीआरएक्स २५० एक्स: २२९ सीसी, क्लच दाबायची गरज नाही, चेनऐवजी शाफ्ट, रिव्हर्स आणि बेचाळीस इंचांच्या आत रुंदी. वर ४४ चे बोललो, पण ही मुळात हळू जाणारी गाडी आहे. फक्त आडव्या उतारावर तिला जपा.

रिव्हर्सवर एवढा भर का, तर दोन बुंध्यांच्या मधे अडकलेली एकशे ऐंशी किलोंची गाडी उतरून, मागचा बार धरून, चिखलात पाय रोवून मागे ओढून पाहा. दिवसात चार-पाचदा ही वेळ येतेच.

सस्पेन्शन मोटोक्रॉसच्या उड्यांसाठी कडक लावलेले असते. मुळे आणि सुट्या दगडांवर ते चाकाला खाली बसू देत नाही, गाडी टप्पे खाते. आधी सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर सस्पेन्शन किती दबते ते, लावा. मागची चाके लोंबतील अशी गाडी स्टँडवर घ्या, अॅक्सलच्या मध्यापासून मागच्या बारपर्यंत सरळ वर मोजा. मग गाडी खाली घेऊन, चालवणाऱ्याने हेल्मेट-बुटांसकट बसून, दोन-तीनदा दाबून पुन्हा मोजा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जेवढे हलू शकते त्याच्या) साधारण एक तृतीयांश हवा. मागे २८० मिलिमीटर ट्रॅव्हल असेल तर ९० च्या आसपास. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगवरची रिंग फिरवा. त्यानंतर कॉम्प्रेशनचा (सस्पेन्शन दबण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन क्लिक मोजून लिहून ठेवा, मूळ जागेवर आणा आणि तिथून तीन-चार क्लिक बाहेर काढा. लागोपाठच्या मुळांवर गाडी खाली खाली बसत गेली तर रिबाउंड (दबून परत वर येणे) फार मंद आहे, तोही एक-दोन क्लिक उघडा. स्टिअरिंग डॅम्पर लावलात तर उत्तम, पण अगदी मऊ ठेवा. तो कडक असला की लागोपाठच्या वळणांत हात भरून येतात.

टायर पुढे २१ किंवा २२ बाय ७-१०, मागे २० बाय १०-९ हे सर्वसाधारण माप. इथल्या काळ्या पाषाणाला आणि मरून वाळलेल्या कारवीच्या टोकदार खुंटांना ६ प्लायचे (जास्त थरांचे, मजबूत) टायरच हवे. २ प्लायचे टायर बाजूच्या भिंतीतून फाटते आणि तिथले पंक्चर प्लगने बसत नाही. हवा ४ ते ५ पीएसआय, दगड जास्त असतील तर ६-७. पंक्चरवाल्याच्या गेजवर हा आकडा वाचताच येत नाही, ० ते १५ चा वेगळा गेज घ्या. एवढ्या कमी दाबात एक पीएसआयची चूक म्हणजे वीस टक्क्यांची चूक. पावसाळ्यात लाल माती खाचांत बसून टायर गुळगुळीत होते. तेव्हा खाचा रुंद असलेले टायर लागते.

मागच्या अॅक्सलखाली, ब्रेक डिस्क आणि स्प्रॉकेटपाशी, जेमतेम चार-साडेचार इंच मोकळे असतात. स्विंगआर्मखाली स्किड प्लेट लागतेच. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ५ मिलिमीटरची अॅल्युमिनियम पट्टी वाकवून कोणीही देईल, पण जाड एचडीपीई (कडक प्लास्टिक) मिळाले तर ते घ्या: दगडावर अॅल्युमिनियम खरवडून अडते, प्लास्टिक घसरून पुढे जाते. पायाशी दोन्ही बाजूंना लागणारे नर्फ बार (संरक्षक दांडे) जाळीसकट घ्या. पाय निसटून चाकाखाली जाणे हा क्वाडवरचा नेहमीचा अपघात आहे, जाळी तो टाळते. मनगटाला दोरीने बांधायचा, पडल्यावर इंजिन बंद करणारा किल स्विचही हवाच. मागे दुसरा माणूस बसवायचा नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला मोठी क्वाड द्यायची नाही.

हळू चालणारी गाडी तापते. रेडिएटर चिखलाने बुजला की पंखा फिरूनही उपयोग नाही. बाहेरून फवारा मारला तर चिखल आतच बसतो, म्हणून मागच्या बाजूने, कमी दाबाने पाणी सोडा. एअर फिल्टर फोमचा असतो. तो धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावा. पेट्रोलने धुतला तर फोमचे चिकटवलेले सांधे सुटतात.

सेकंडहँड पाहायला गेलात की पहिल्यांदा हाच फिल्टर काढा आणि मागच्या रबरी नळीत पांढरे फडके फिरवा. आत धूळ लागली तर कितीही चकचकीत असली तरी ती गाडी सोडा. वायएफझेड ४५० आरला टायटॅनियमचे पाच व्हॉल्व्ह असतात. धुळीने ते सीटमध्ये बसत जातात, क्लिअरन्स संपतो आणि गाडी थंडीत स्टार्ट होईनाशी होते. हेडचे काम चाळीस-पन्नास हजारांच्या खाली सहसा आवरत नाही. मग पुढचा भाग उचलून चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा: टाय रॉडची टोके. मागे अॅक्सल वर-खाली हलला तर कॅरियरचे बेअरिंग. बेअरिंगवर कोरलेला नंबर घेऊन गेलात तर ते बाजारात मिळते, घाबरायचे कारण नाही. खालच्या ए-आर्मच्या (पुढचे चाक फ्रेमला जोडणाऱ्या हाताच्या) बुडाशी फ्रेमवर रंग तडकलेला दिसला तर मात्र घाबरा. तिथे चीर असते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवले असेल तर त्यामागे काहीतरी आहे.

पैसे देण्याआधी एक चाचणी करून घ्या. मोकळ्या जागेत बांबूच्या तीन जोड्या रोवा, प्रत्येक जोडीत ७० इंच, दोन जोड्यांमधे ३ मीटर, आणि प्रत्येक जोडी आधीच्यापेक्षा एक मीटर बाजूला सरकवलेली. पहिल्या गिअरमध्ये, शक्यतो क्लच न दाबता त्यातून जा, आणि रिव्हर्स असेल तर तसेच मागे या. कोणता बांबू पडला ते पाहा. आतला पडला तर गाडी त्या वळणाला रुंद किंवा लांब आहे. बाहेरचा पडला तर थ्रॉटल जास्त झाला, तो सरावाने जाईल. तिसऱ्या जोडीपर्यंत इंजिन दोनदा बंद पडले तर किमतीतून स्प्रॉकेट आणि फ्लायव्हीलच्या वजनाचे पैसे आधी वजा करा, मग सौद्याला बसा.

आपले नम्र,
क्वाड आणि डर्ट बाइकची कामे करणारे,
कराड, जि. सातारा